आंबिवलीचे स्थळ

१

काम संपल्यावर जागा होती तशी ठेवावी, एवढा एकच नियम मी आमच्या केंद्रात घालून दिला होता. कांताला तो कधी जमला नाही.

केंद्र म्हणजे डोंबिवली पूर्वेला, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीतली एक खोली. वधूवरांची नावे नोंदवावीत, पत्रिका जुळवाव्यात, आणि जी स्थळे जुळतील त्यांचे पत्ते पालकांना टपालाने कळवावेत, हे आमचे काम. भेटीगाठी ज्यांच्या त्यांनी ठरवायच्या. पुष्कळ वर्षे मी हे पंचांग आणि पाटी घेऊन केले. त्र्याण्णव साली केंद्र चालवणाऱ्या मंडळाने संगणक आणला, आणि त्याच्यासोबत कांता आली.

ती ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. वडील खाडीत होडी घालीत. मुलगी वर्गाला जाऊन प्रोग्राम लिहायला शिकली. वय तिशीच्या पुढे. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय काढला की म्हणे, "काका, हलवायाला कधी पेढे खाताना बघितलंय?"

प्रोग्राम तिनेच लिहिला होता. त्याच्या शेजारी तिने एक लहान फाइल ठेवली होती. तिला ती कॉन्फिग म्हणे. प्रोग्राम सुरू झाला की आधी ही फाइल वाचतो: कागद किती लांब, प्रिंटर कोणता, पंचांग कोणते, गावांचे अक्षांश कुठून घ्यायचे. निळ्या पडद्यावर ती फाइल उघडायची, एखादा आकडा बदलायचा, प्रोग्राम चालवून पाहायचा, पुन्हा फाइल उघडायची, असा तिचा दिवस जाई. एक दुरुस्ती करायला बसली की दोन नवे बदल केल्याशिवाय ती उठत नसे, आणि काय बदलले हे मला सांगत नसे. सकाळी नीट छापणारे यंत्र दुपारी समासाबाहेर छापू लागे. विचारले तर म्हणे, "होईल हो काका, सेटिंग आहे."

अशाच एका दुपारी मी जेवायला गेलो असताना तिने कल्याणच्या मारुती नावाच्या मुलाची जुळणी छापली आणि पाकीट टपालात टाकूनही दिले. दुसऱ्या दिवशी मी कार्बनची प्रत वाचली. शेवटच्या स्थळाशी थांबलो.

मालू. आंबिवली. गुण चौतीस. मंगळ समान.

या नावाची मुलगी आमच्याकडे नोंदवलेली नव्हती. प्रत्येक पालक माझ्यासमोर बसून नाव देतो. मला आठवले नसते असे नाही.

२

"मालू कोण?" मी विचारले.

"कुठली मालू?"

मी प्रत तिच्यापुढे ठेवली. तिने पाहिली आणि हसू आवरण्यासाठी तोंडावर हात घेतला.

"अय्या, ही पण छापली गेली? ती कोणी नाहीये काका. टेस्टिंगची आहे."

"म्हणजे?"

"प्रोग्राम तपासायला एक मुलगी लागते. दर वेळी कोण टाइप करत बसणार? म्हणून कॉन्फिगमध्येच एक टाकून ठेवलीय. नाव, तारीख, वेळ, गाव. सुरू केला की आपोआप ही येते, मग मी तिच्याशी मुलगे जुळवून बघते."

"ही जन्मवेळ कुणाची?"

"कुणाचीच नाही. ती सरकवलेली आहे. कडक मंगळवाल्याशी जुळणारी एक तरी पाहिजे ना, नाहीतर मंगळाचा भाग चालतो की नाही कळणार कसं? मंगळ जागेवर बसेपर्यंत मिनिटं पुढे पुढे नेत गेली. शेवटी मस्त बसला."

मला संताप आवरेना. मी तिला म्हणालो की जन्मवेळ देणारा वेगळा असतो, आणि त्याच्या हातातली गोष्ट आपण हातात घेऊ नये. पत्रिका हा खेळ नव्हे. एका गरीब बाईच्या घरी आपण नसलेल्या मुलीचा पत्ता पाठवला आहे.

"सॉरी काका. पण एवढं काय? जन्मलीच नाहीये ना ती."

"मग हा पत्ता कुठला?"

"एका मैत्रिणीकडे गेलेली मी आंबिवलीला. पत्त्याच्या जागी काहीतरी पाहिजे म्हणून टाकलं. स्टेशनच्या पूर्वेला, नवी इमारत, वरचा मजला. तसल्या छप्पन्न इमारती असतील तिकडे."

"ती ओळ काढून टाक."

"काढते. एवढं टेस्टिंग झालं की लगेच."

मी त्याच दिवशी गोदूबाईंना, म्हणजे मारुतीच्या आईला, पत्र लिहिले: शेवटचे स्थळ चुकून छापले गेले आहे, कृपया जाऊ नये. पत्र त्यांना मिळाले. मिळाले तेव्हा त्या मारुतीला घेऊन जाऊन आल्या होत्या.

३

गोदूबाई मूळच्या घाटावरच्या. नवरा लवकर गेला. कल्याणला एका वसतिगृहात स्वयंपाक करून त्यांनी मुलाला वाढवले. मारुती कारखान्यात टर्नर होता, निर्व्यसनी, अबोल. मंगळ इतका कडक की स्थळे पत्रिका पाहूनच परत फिरत. एकदा जमले होते ते हळदीच्या आदल्या दिवशी मोडले. त्याच्या बरोबरीच्यांची मुले शाळेत जाऊ लागली होती. या खेपेला त्याने आईला बजावले होते की हे शेवटचे. यानंतर कुणापुढे बसणार नाही.

त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या.

"घ्या सखारामभाऊ. पोरगी पसंत पडली."

"कुठली?"

"कुठली काय इचारता? तुमीच धाडली की. आंबिवलीची."

मी पुडा घेतला नाही. "गोदूबाई, माझे पत्र वाचले नाही का? तिथे कोणी नाही."

"आवो, मी बसून आले! पोहे खाल्ले, च्या प्याले. आता माझ्या पोटातलं पोहं पण खोटं का?"

शेजारच्या टेबलाशी कांताचे बोट कळेवर थांबले.

"मुलगी कशी आहे?" मी विचारले.

"गव्हाळ. नाकीडोळी नीटस. धावी शिकलेली."

फाइलमध्ये हेच शब्द, याच क्रमाने होते. मी ते कांताच्या पडद्यावर वाचले होते.

"उंची?"

गोदूबाईंनी हात वर केला. हवेत धरला, थोडा खाली आणला, पुन्हा वर नेला. "आता बगा... मारुतीला शोभंल अशी."

"आडनाव?"

त्यांचा हात तसाच राहिला. ही बाई परक्या घरात पाणी घेण्याआधी आडनाव, गाव, देवक, सोयरे विचारून घेणारी. माझ्या केंद्रात पहिल्यांदा आली तेव्हा तिने माझीच कुळकथा काढली होती.

"इचारायचं राह्यलंच की वो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"घरात वडील होते?"

"होते की. खुर्चीत बसले हुते."

"काय म्हणाले?"

"म्हनाले की... बोलनं झालं की आमचं." त्या आठवत राहिल्या. मग चिडल्या. "तुमी काय पोलिसात हाय का, भाऊ? मानूस हुता. पांढरी कापडं. त्यांच्याकडं बघितलं की दुसरीकडं बघावं वाटायचं. लाजाळू आसतील."

मी त्यांना सांगितले की कोणी तरी फसवत आहे. पत्ता चुकीचा पडला, आणि तो कुणा लबाडाच्या दारात गेला. असे होते. जगात फुकट मिळालेले नाव वापरणारे पुष्कळ आहेत. हे सांगताना माझा त्यावर विश्वास होता. शिक्षण आणि वर्ण गोदूबाईंनी आम्ही पाठवलेल्या कागदावरच वाचले असणार, हेही मी स्वतःला समजावले.

त्या पेढे टेबलावर ठेवून गेल्या. "साखरपुडा पुढच्या गुरुवारी हाय. तुमी यायचं," असे दारातून म्हणाल्या.

४

"फाइल उघड," मी कांताला म्हणालो. "माझ्यासमोर."

निळ्या पडद्यावर ओळी आल्या. रोमन अक्षरे मला सवयीने वाचता येऊ लागली होती. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग मूल्य. मालूच्या ओळी अजून तिथेच होत्या.

"काढली नाहीस."

"आज काढणारच होती."

एका ओळीत वडिलांचे नाव असे लिहून पुढे बरोबरचे चिन्ह होते, आणि त्यापुढे काहीच नव्हते. आडनावापुढेही नव्हते. उंचीपुढेही.

"हे रिकामे का?"

"प्रोग्रामला लागत नाही ना काका. वेळ आणि गाव मिळालं की कुंडली निघते. बाकी शोभेला."

बापाचे नाव शोभेला. तेवढ्यात तिच्या बोटांनी सवयीचे काम केले. शिक्षणाच्या ओळीतले दहावी खोडून तिने बी.कॉम. लिहिले.

"आता हे कशाला?"

"टिंबं छापतो का बघतेय. परवा एका मुलाच्या पदवीची टिंबं गायब झालेली."

"अगं, मी ओळ काढायला सांगतो आहे आणि तू तिला पदवी देते आहेस!"

"काका, टेन्शन नका घेऊ. दोन मिनिटं." तेवढ्यात वीज गेली. त्या काळी ती रोज जाई. फाइल जतन झाली होती एवढे ती म्हणाली आणि ठाण्याला निघून गेली.

रविवारी मारुती आला. त्याच्या बोटांच्या पेरांत लोखंडाची काळी रेघ कायमची बसली होती. ती लपवण्यासाठी तो हात पाठीमागे धरून उभा राही.

"काका, एक विचारायचं होतं. आईला दहावी सांगितलेलं ना?"

"कोणाबद्दल बोलतोस?"

"ती. काल मी गेलेलो. बी.कॉम. झालीय म्हणाली. भिंतीवर फोटो पण आहे, काळा डगला घातलेला. आधी आम्ही गेलो तेव्हा तिथे भिंत मोकळी होती."

"मारुती, ते फसवणारे लोक आहेत. तू जाऊ नकोस."

"फसवणारा काहीतरी मागतो, काका. ते काहीच मागत नाहीत. ती मला विचारते, पाळी कधी सुटते, डबा कोण देतं, हाताला तेल लावता का. मला हे कोणी विचारलेलं नाही. आईनं पण नाही."

"तिच्या वडिलांशी बोललास?"

"ते बसलेले असतात." त्याने खाली पाहिले. "मी त्यांना नमस्कार करायला वाकतो ना, तर पाय सापडत नाहीत. म्हणजे, असतात. पण हात दुसरीकडेच जातो. मीच घाबरलेला असतो, दुसरं काय."

५

ज्याची शंका आहे ते स्वतः पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानसंध्या आटोपून मी कल्याणला गाडी बदलली आणि आंबिवलीला उतरलो.

पूर्वेला विटांचे ढीग आणि अर्धवट इमारती होत्या. एकाच तऱ्हेच्या, एकाच पिवळ्या रंगाच्या. मला वाटले होते की सापडणार नाही. सरळ चालत गेलो आणि एका जिन्यापुढे उभा राहिलो. हाच, हे मला का कळले, ते सांगता येत नाही. जिन्यात ओल्या सिमेंटचा वास होता. तळमजल्याच्या पायरीवर एक कामकरी बाई वाळू चाळत होती.

"वर कोण राहते, बाई?"

"पोरगी ऱ्हाते."

"एकटी?"

"बाप यायचाय म्हनत्यात. खुर्ची मांडून ठेवलीय त्येच्यासाठी."

"खुर्चीत कोणी बसलेले असते, असे मी ऐकले."

तिने चाळण थांबवली. "मंग ते मला इचारू नगा," ती म्हणाली.

वरच्या मजल्यावर एकच दार होते. दारावर पितळी पाटी होती, चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारलेली, नुकतीच घासलेली. तिच्यावर काही कोरलेले नव्हते. माझे तोंड तिच्यात अस्पष्ट दिसत होते.

दार किंचित उघडे होते. फटीतून वेताच्या खुर्चीची पाठ दिसली, आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेली पांढरी बाही. बाहीतून हात बाहेर आलेला होता. मी बोटे पाहिली. ती किती आहेत हे मोजू लागलो आणि मला मोजता येईना. अंक माझ्या मनात येत होते, पण त्या हातावर बसत नव्हते. वेत कुरकुरला. खुर्चीतला मागे वळू लागला होता.

मी दत्ताचे नाव घेत जिना उतरलो. मागे दार लोटल्याचा आवाज आला, आणि एक मुलगी आदराने, मृदू आवाजात म्हणाली, "नाही, ते नव्हते. कोणीतरी दुसरं होतं."

६

केंद्रात आलो तेव्हा दुपार झाली होती. कांता हजर होती. मी तिला सर्व सांगितले. ती हसली नाही. तिने पडद्याकडे पाहिले आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

"मी तिला बी.कॉम. केलं," ती म्हणाली.

"असत्य मुळातून काढावे. सगळ्या ओळी पुसून टाक. आत्ता."

"काका, पण त्या घरात... समजा कोणी असेल तर?"

"साखरपुडा गुरुवारी आहे. आज सोमवार. तिथे आपले कोणी नाही."

"तसं नाही. ती असेल तर?"

हा प्रश्न मला आवडला नाही. जी जन्मली नाही तिचे मरण कसले, असे मी म्हणालो. वाक्य कठोर होते, पण मला ते योग्य वाटले. कांताने ओळी एकेक करून पुसल्या. वडिलांची रिकामी ओळ तिने शेवटी पुसली. फाइल जतन केली. प्रोग्राम चालवला, तो कुरकुर न करता चालला आणि मुलीचे नाव विचारू लागला. मला बरे वाटले. कांता डोळे पुसत होती. मी तिला चहा आणायला सांगितले.

ती उठण्याआधी फोन वाजला.

"सखारामभाऊ, दार कुठं गेलं?"

"गोदूबाई? कुठून बोलता?"

"आंबिवलीवरनं. टेशनाजवळच्या फोनवरनं. मारुतीची पाळी बदलली म्हून आजच साखरपुडा धरला, तुमाला निरोप धाडला हुता की! मी साखरेचं ताट घ्यायला भाईर जिन्यात आले. ताट तितं ठेवलं हुतं. घेतलं आन् वळले तर भिंत. आवो, भिंत हाय नुसती! वली भिंत!"

"मारुती कुठे आहे?"

"आत!" त्या ओरडल्या. "आत हाय माझा पोरगा!"

७

कांता आधीच बसली होती. तिने फाइल उघडली होती.

"पुन्हा टाकते. सगळं पाठ आहे मला."

"टाक."

त्या क्षणी मी तिला अडवले नाही. ज्याला मी असत्य म्हटले होते तेच पुन्हा लिहायला मी सांगत होतो. धर्म कोणता, याचा विचार करायला सवड नव्हती. एका आईचा मुलगा भिंतीत होता. कांताने नाव लिहिले, तारीख लिहिली. वेळ लिहिताना ती एकदा थांबली, डोळे मिटले आणि मिनिटांसकट लिहिली. गव्हाळ. बी.कॉम. नवी इमारत. वडिलांच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह करून तिने फाइल जतन केली आणि प्रोग्राम चालवला.

मी फोन कानाशीच धरला होता. गोदूबाईंनी फोनवाल्याच्या पोराला इमारतीकडे पिटाळले होते. तो धापा टाकत परत आल्याचे मला ऐकू आले.

"दार हाय म्हनतोय," गोदूबाई म्हणाल्या. "पन उघडत न्हाई. मारुती आतनं बोलतोय. त्यो म्हनतो, पोरगी म्हनती बाबा आल्याशिवाय कोणी जायचं न्हाई. रीत हाय म्हनं. बाबांच्या हातनं साखर वाटायची."

"बाबा तर खुर्चीत बसले आहेत ना?"

गोदूबाईंनी त्या पोराला काही विचारले.

"मारुतीनं आतनं सांगितलं म्हनं," त्या अगदी हळू म्हणाल्या, "खुर्चीतला त्येच्याकडं बघाय लागलाय."

मी कांताला सांगितले. ती पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत म्हणाली, "हे भरायला पाहिजे. कुठलंही नाव टाकते. धोंडीबा टाकते. कोण आहे धोंडीबा? कोणी नाही."

"थांब."

"काका, वेळ नाहीये!"

"कोणी नसलेला एक तिथे बसलाच आहे. त्याला नाव देऊन दुसरा करू नकोस."

ती रडू लागली. "मग कोणाचं टाकू? माझ्या बाबांचं? त्यांना विचारल्याशिवाय? काय होईल त्यांचं?"

जिवंत माणसाचे नाव त्याच्या संमतीशिवाय लिहिणे हे पाप होते. मेलेल्याचे लिहिणे त्याहून मोठे. संमती विचारण्याजोगा माणूस त्या खोलीत एकच होता. मी लग्न केलेले नाही. दुसऱ्यांची लग्ने जमवताना स्वतःचे राहून गेले, असे लोक म्हणतात. खरे म्हणजे मला संसाराचा गोंगाट कधी मानवला नाही. माझ्या नावामागे कोणी नव्हते आणि पुढेही कोणी असणार नव्हते.

"सरक," मी म्हणालो.

मी एका बोटाने कळा शोधत माझे नाव लिहिले. सखाराम. आडनावाच्या ओळीत माझे आडनाव लिहिले. जतन करण्याची कळ कांताने दाबली, कारण ती मला ठाऊक नव्हती.

काही मिनिटांनी फोनमध्ये आधी गोदूबाईंचे रडणे आले. मग मारुतीचा आवाज. तो धापा टाकत नव्हता. शांत होता, आणि थोडा लाजलेला.

"काका, मी बाहेर आहे. सगळं ठीक आहे. दार आपोआप उघडलं. खुर्ची रिकामी झाली. तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. आम्ही उगाच तुम्हालाच विचारत बसलो, वडील कोण, वडील कोण."

"मारुती, ऐक. तू ते लग्न करू नकोस."

"असं काय बोलता? साखर वाटली ना आत्ता. तुमच्याच हाताने." आणि तो हसला, त्याला हसताना मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

८

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी वरच्या आळीत एका खोलीत राहतो. शेजारी कलावतीबाईंचे बिऱ्हाड. माझी एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्या दारातच उभ्या होत्या.

"काय हो भाऊ! एवढी मोठी मुलगी, आणि कधी एका शब्दानं बोलला नाहीत? आम्ही आपले तुम्हाला ब्रह्मचारी समजून तुळशीच्या लग्नाला पुढे बसवतोय!"

"किल्ली कुठे आहे?"

"तिलाच दिली की. लग्न होईपर्यंत बापाच्याच घरी राहणार ना पोर. किती अदबीनं बोलते हो. आईवर गेलीय वाटतं, तुमच्यावर तर नाही."

माझे दार उघडे होते. मी उंबऱ्याशी चपला काढल्या. देवापुढे समई लावलेली होती. वात मी लावतो त्याहून नीट. त्या उजेडाच्या अलीकडे ती जमिनीवर बसून काही लिहीत होती. मला पाहून उठली. गव्हाळ होती. नाकीडोळी नीटस. ती समोर उभी असताना ती माझ्या खांद्याला लागते की त्याच्याही वर, हे मला ठरवता आले नाही.

"बाबा, दमलात? पाणी देऊ?"

मी भिंतीला धरून बसलो. तिने पाणी आणून ठेवले. पाणी थंड होते, तांब्या माझाच होता. ती पुन्हा कागद घेऊन बसली.

"लग्नपत्रिकेचा मजकूर करतेय. त्यांचं सगळं लिहून झालं. तुमचं नावही लिहिलं." तिने लेखणी उचलली आणि माझ्याकडे पाहिले. तिच्या पाहण्यात खोटेपणा नव्हता. लेकीने बापाकडे पाहावे तशीच ती पाहत होती. "एकच राहिलंय. बाबा, आईचं नाव काय?"

मी आयुष्यात खोटे बोललो नव्हतो, आणि खरे सांगायला माझ्याजवळ काही नव्हते. बाहेर कलावतीबाई कुणाला तरी ही बातमी सांगत होत्या.

माझ्या मोरीच्या पडद्यापलीकडे कोणी तरी भांडी घासत होते. तो आवाज मी आलो तेव्हापासून चालू होता, हे मला तो थांबल्यावर कळले.